लुगड्याची पट्टी

१

गुरुवार म्हणजे चाकणच्या एमआयडीसीचा रविवार. मशिनी बंद, चहाच्या टपऱ्या अर्ध्या झाकलेल्या आणि गेटवरचे वॉचमन खुर्चीत मान टाकून बसलेले. डिसेंबरातल्या अशाच एका गुरुवारी, दिवस कलताना, खंडू वॉचमन शेडमध्ये फेरी मारायला गेला आणि त्याला ठकठक ऐकू आली. शेडमध्ये माणूस नव्हता. होतं ते एक जुनं विमान, आणि आवाज त्याच्या पोटातून येत होता.

खंडूनं विमानाला हात लावायच्या आधी साबियाला फोन लावला, यावरून तो किती घाबरला होता ते कळावं. साबिया मुलाणी म्हणजे त्याची मालकीण. अर्धं आयुष्य पोलिसात काढून हवालदार म्हणून बाहेर पडली आणि चिंचवड स्टेशनसमोर सिक्युरिटी एजन्सी टाकून बसली. ती त्या दिवशी जवळच, तळेगाव चौकात होती, म्हणून लगेच पोचली.

विमानाचं नाव सी हॉक. विमानवाहू जहाजावरून उडणारं आपल्या नौदलाचं पहिलंवहिलं जेट लढाऊ विमान. हे भंगारात निघालेलं एक धूड दिघीच्या माजी नौसैनिकांनी वर्गणी काढून आणलं होतं आणि एका भल्या कारखानदाराच्या रिकाम्या शेडमध्ये घासूनपुसून उभं केलं होतं. शनिवारी त्याचं अनावरण होतं.

आणि आज त्याच्या वैमानिकाच्या खुर्चीत, काच बंद करून, पट्ट्यांनी करकचून बांधलेले कमांडर सयाजी पाटणकर बसले होते. निवृत्त, ऐंशीच्या घरातले, अंगात ब्लेझर. ओठ वाळून पापडी झालेले. काच पुरती बंद नव्हती. बोटभर फटीत कॉटन वेस्टचा, म्हणजे मेकॅनिक हात पुसतात त्या सुताचा, बोळा कोंबलेला होता, म्हणून हवा येत होती.

दोघांनी मिळून म्हाताऱ्याला खाली उतरवलं. साबियानं पाण्याची बाटली पुढे केली. कमांडरांनी ती बाजूला सारली आणि विचारलं, "पिन कुठं आहे?"

"कसली पिन, साहेब?"

"खुर्चीची. लाल पट्टीवाली." मग ते पाणी प्याले, आणि पाण्याबरोबर शुद्धही आली असावी. "हे बघा, मीच आत बसलो होतो. काच अडकली. कुणाचा काही संबंध नाही."

"आज कोण आलेलं, खंडू?" साबियानं विचारलं.

"कोण बी न्हाई, मॅडम. सायेब रिक्षानं आले सकाळच्याला. सुट्टी हाय, कोण येतंय?"

कमांडरांना उठवून उभं करताना साबियानं पाहिलं, त्यांचा उजवा हात खांद्याच्या वर जातच नव्हता. आणि ते पट्टे तर पाठीमागून खांद्यांवर येणारे. ब्लेझरच्या पाठीला पांढऱ्या दोऱ्याचे बारीक तुकडे चिकटले होते. एक तुकडा तिनं काढून रुमालात ठेवला.

म्हणजे दुसऱ्या कुणीतरी यांना बांधलं, काच लावली आणि निघून गेलं. आणि दिवसभर पत्र्याखाली भाजून निघालेला हा माणूस त्याच माणसाला पाठीशी घालत होता. साबियाच्या इतक्या वर्षांच्या नोकरीत असा दिलदार फिर्यादी तिला भेटला नव्हता, म्हणूनच तिला तो अजिबात आवडला नाही.

२

शुक्रवारी सकाळी कमांडर प्राधिकरणातल्या आपल्या बंगल्यात ताठ बसले होते. रात्रीतून त्यांचा आवाज परत आला होता, आणि दिलदारपणा कुठल्या कुठे गेला होता.

"पिन चोरीला गेली आहे, आणि चोर करीम तांबोळी आहे," ते म्हणाले.

साबिया करीमचाचाला लहानपणापासून ओळखत होती. दिघीत त्याचं गॅरेज होतं, आणि लुना चालवायला तिला त्यानंच शिकवलं होतं. तो सी हॉकवर इंजिनाचा मेकॅनिक होता हे सगळ्या दिघीला माहीत होतं, कारण चहाच्या प्रत्येक कपाबरोबर तो ते सांगायचा.

"पिन म्हणजे नेमकं काय, साहेब?"

कमांडरांनी टेबलावरची निमंत्रणपत्रिका पुढे सरकवली. वर विमानाचं चित्र, खाली एका पिनेचा मोठा फोटो. बोटाएवढी लोखंडी पिन आणि तिला बांधलेली, विटून तपकिरी झालेली कापडी पट्टी.

"विमान पडायला लागलं की वैमानिकाला खुर्चीसकट बाहेर भिरकावणारी यंत्रणा असते. जमिनीवर चुकून उडू नये म्हणून तिला ही पिन लावतात. उड्डाणाआधी रिगर, म्हणजे विमानाची देखभाल करणारा खलाशी, ती काढतो आणि वर धरून वैमानिकाला दाखवतो. वैमानिक अंगठा वर करतो. म्हणजे, पिन पाहिली. त्याशिवाय विमान हलत नाही. उद्या हाच विधी आम्ही करणार आहोत. मी खुर्चीत, करीम पिन दाखवणार."

"आणि ही पिन अस्सल?"

"अस्सल म्हणजे? माझ्या स्वतःच्या जहाजावरची आहे. पन्नास वर्षं माझ्या ट्रंकेत होती. माझ्याशिवाय कुणाचा हात लागलेला नाही." त्यांची छाती जरा फुगली. "फोटो काढल्यावर पट्टी उसवली म्हणून सीट कव्हरवाल्या बाईकडे शिवायला दिली, तेवढंच."

"मग करीमचाचानं ती कधी पाहिली?"

"ते शोधणं तुमचं काम. गेटवर माणूस तुमचा होता. उद्या कार्यक्रमापर्यंत पिन मिळाली नाही, तर व्यासपीठावरून, सगळ्या जुन्या सहकाऱ्यांसमोर, मी करीमचं नाव घेणार. चोर म्हणून. मग त्यानं कुठलीही कहाणी सांगत फिरावं, कोण ऐकतंय बघू."

साबिया बंगल्याबाहेर आली ती त्या शेवटच्या वाक्यापाशी अडखळूनच. पिनेची कसली आलीय कहाणी? करीमनं अजून तोंडही उघडलं नव्हतं आणि या माणसानं त्याचं तोंड आधीच काळं करायचं ठरवलं होतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच, फक्त हे चांदणं कुठून पडलं ते तिला दिसत नव्हतं. एक मात्र दिसत होतं. उद्या दुपारपर्यंत तिनं काही केलं नाही, तर शहात्तर वर्षांचा एक स्वच्छ माणूस आपल्याच लोकांत चोर ठरून घरी जाणार होता.

३

काच आतून उघडायची मूठ जागेवर नव्हती. ती गणराजकडे, भोसरीतल्या त्याच्या फॅब्रिकेशनच्या दुकानात सापडली. विमानाचं सगळं पत्राकाम त्यानंच केलं होतं.

"मीच काढली बुधवारी. पॉलिशला दिलीय," गणराज म्हणाला. "माझ्यावर येतंय का हे, मॅडम? काल मी सासुरवाडीला राजगुरुनगरला होतो. मेव्हण्याचा साखरपुडा. दोनशे माणसांनी बघितलंय मला जिलेबी खाताना."

"मूठ काढल्याचं कुणाकुणाला माहीत होतं?"

"चहा घेताना बोललो की. कमांडरसाहेब होते, करीमचाचा होते, कुसुमताई होत्या. आतून उघडत नाही, कुणी बसू नका म्हणलं."

कुसुमताई म्हणजे ती सीट कव्हरवाली. विमानाची ताडपत्री, खुर्चीची गादी, सगळं तिनं फुकटात शिवून दिलं होतं. गणराजनं तोंडभरून तिचं कौतुक केलं आणि पुन्हा ग्राइंडर चालू केला.

म्हणजे उरले दोघे. त्यातला एक करीमचाचा, आणि फटीतला बोळा तर मेकॅनिकच्याच हातातला. साबियाला ते गणित मुळीच आवडलं नाही.

दिघीतल्या गॅरेजसमोर करीमचाचा स्टुलावर बसून एका स्कूटरला शिव्या देत होता. साबियानं आरोप सांगितला. त्यानं पाना खाली ठेवला.

"बेटा, ती पिन मी अजून डोळ्यांनी पाहिलेली नाही. कार्डावर फोटो आहे म्हणे. मला मोतीबिंदू, मला कार्ड म्हणजे नुसता कागद. चोरू कुठून?"

"मग तुमच्याबद्दल एवढा राग का त्यांना?"

"राग नाही, भीती असेल. जहाजावरचे आता आम्ही दोघंच या शेडमध्ये. बाकीचे उद्या येतील, कुणी कोकणातून, कुणी साताऱ्यातून." त्यानं हात पुसले. "आमच्या जहाजावर एक विमान गेलं होतं. वैमानिक कोवळा पोरगा. लेफ्टनंट विक्रम, सगळे विक्कीच म्हणायचे. जहाजावरून विमान वाफेच्या गोफणीनं फेकतात. जहाज लाटांवर नाक वरखाली करत असतं. नाक वर यायला लागलं की डेकवरचा अधिकारी हिरवा बावटा खाली करतो आणि गोफण सुटते. त्या दिवशी नाक खाली जाताना बावटा पडला. विमान सरळ पाण्यात, डोळा मिटायच्या आत."

"बावटा कुणाच्या हातात होता?"

"सयाजीसाहेबांच्या. तेव्हा लेफ्टनंट होते." करीमचाचानं आवाज खाली आणला. "पण चौकशीत बावट्याचं नाव मागेच पडलं. सगळे म्हणायला लागले, पोरगा खुर्चीतून उडाला का नाही? तर पिन काढलीच नव्हती. रिगर होता ज्योतीराम वाघमोडे. माझा जोडीदार. तो ओरडून सांगत होता, मी काढली, दाखवली, पिशवीत ठेवली. पिशवी उघडली तर पिन नाही. पिशवीत नाही म्हणजे खुर्चीतच, आणि खुर्ची समुद्राच्या तळाशी. झाला निकाल. वर्दी उतरवून घरी पाठवला त्याला. पोराला मारणारा म्हणून."

"तुम्ही पाहिलं नव्हतं, त्यानं पिन दाखवताना?"

"मी शेपटाकडे. इंजिनाच्या आवाजात, धुरात. दिसलं नाही ते दिसलं कसं म्हणू? खरं बोललो आणि दोस्त गेला. नंतर भोसरीत कुठल्या कंपनीत हेल्पर होता म्हणे. गेला बिचारा. मला तोंड दाखवायला जागा नव्हती, त्याच्या घरी कधी गेलो नाही."

साबिया उठली तसा तो स्वतःशीच हसला. "त्याच्या पिनेची काय चेष्टा चालायची मेसमध्ये. सरकारी पट्टी फाटली, तर या पठ्ठ्यानं रजेवर जाऊन नव्या बायकोकडून लुगड्याची पट्टी शिवून आणली. आम्ही म्हणायचो, अरे, बायकोला बांधून आणलंस विमानाला. पंधरा दिवसच मिरवली त्यानं ती. मग हे झालं."

"हे साहेबांना माहीत होतं? लुगड्याचं?"

"खलाशांच्या मेसमधलं हसणं ऑफिसरांपर्यंत जात नाही, बेटा. त्यांच्या लेखी सगळ्या चिंध्या लालच."

साबियानं पर्समधली निमंत्रणपत्रिका काढली. फोटोतल्या पट्टीवर पांढऱ्या दोऱ्याचे बारीक धावते टाके होते, चौकटीत चौकट घातलेले, आणि एका कोपऱ्यात कापडाचं इवलंसं तिकोनी फूल. असे टाके सरकारी गोदामात घालत नाहीत. आणि ही पट्टी शेवटची गेली होती ती शिवणाऱ्या बाईच्या हातात. तिनं तिथूनच खंडूला फोन लावला.

"खंडू, काल कुसुमताई आल्या होत्या का शेडवर?"

"आल्या हुत्या की. गादीची पिशवी घेऊन."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुमी इचारलं कोण आलेलं. त्या रोजच येत्यात, मॅडम. त्यांना काय धरायचं?"

४

दिघी रोडवरच्या त्या दुकानात रिक्षाचं हूड मशिनवर चढलं होतं. कुसुमताई सत्तरीच्या, काटक, कपाळ मोकळं. बसायच्या लाकडी पेटीवर घडी घातलेली गोधडी होती आणि गोधडीच्या कोपऱ्यात तेच तिकोनी फूल होतं.

साबियानं पत्रिका त्या फुलाशेजारी ठेवली. मग रुमालातला दोरा ठेवला.

"गादीचे कच्चे टाके आहेत हे. गादी पक्की करण्याआधी कुणीतरी साहेबांना तिच्यावर बसवलं. बसून बघा, बरोबर बसतेय का, म्हणून. साहेब आपल्या पायांनी चढले. फटीत मेकॅनिकच्या सुताचा बोळा होता, म्हणून माझी नजर आधी गॅरेजकडे गेली. पण ते सूत शेडभर पडलेलं असतं. कुणाच्याही हाताला लागेल."

कुसुमताईंनी मशिन थांबवलं. "च्या घेणार का, बाई?" त्यांनी विचारलं. केलेलं नाकारायचं त्यांच्या मनात नव्हतं आणि पळायचंही नव्हतं.

"तुम्ही ज्योतीराम वाघमोड्यांच्या कोण?"

"बायकू." किती वर्षांनी कुणी ते नाव त्यांच्यापुढे घेतलं होतं कुणास ठाऊक. त्यांनी पदरानं चष्मा पुसला. "म्या काय कट करून गेली न्हवती तिथं. मालकानं जल्मभर त्या इमानाचं नाव घेतलं. चाकणला आलंय म्हणल्यावर बघाया गेली. म्हणलं, शिवणटिपण आसंल तर द्या, पैसं नगोत. सायबाला मी कोण ते ठाव न्हवतं, आन् सायेब कोण ते मला ठाव न्हवतं. मग त्येनंच ती पट्टी माझ्या हातात दिली. बाई, जपून, आस्सल माल हाय म्हणला."

"आणि तुम्ही ओळखली."

"हातानं आदी वळखली, डोळ्यांनी मागनं. कोपरा चाचपला तर आत दाणं. आमच्याकडं करमाळ्याला गोधडीचं शेवटचं तोंड शिवताना आत जुंधळ्याचं दाणं घालत्यात. उपाशी शिवत न्हाईत. तसंच घातलं हुतं म्या तवा. नवी नवरी. मालक समुद्रावर जाणार, म्हणलं, त्याची पट्टी बी भरल्या पोटी आसू दे. आशी पट्टी म्या येकच शिवली, बाई. येकच. आन् ती तर समुद्राच्या तळाला हाय आसं सरकारनं सांगितलं हुतं."

साबियाला सगळं लख्ख दिसलं. विमान पडलं, डेकवरचे सगळे काठाकडे धावले, आणि आपला बावटा चुकलाय हे जाणणारा एक तरुण अधिकारी खुंटीला टांगलेल्या पिशवीकडे गेला. पिन त्यानं फेकली नाही, कारण त्या क्षणी जहाजाच्या काठावर चारचौघांचे डोळे होते. पुढे भीती गेली, ट्रंक राहिली, आणि म्हातारपणी मिरवायची हौस आली.

"तुम्हाला त्याला मारायचं होतं?"

"मारायचं आसतं तर बोळा कशाला घातला आसता? मला त्येला बशिवायचं हुतं. मालक जल्मभर ज्यात कोंडून ऱ्हायले, त्यात ह्यो येक दीस." त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "पट्टं बांधलं, काच लावली, आन् भाईरनं पिन वर धरली. म्हणलं, मी ज्योतीरामची बायकू. पिन दिसली का? आंगठा दावा, लगीच काच उघडते. दावला न्हाई. मान फिरवली. म्हणलं, ऱ्हा मग."

"दिवसभर भाजून घेतलं, पण अंगठा दाखवला नाही. आणि तुमचं नाव घेतलं तर सगळं उघडं पडेल, म्हणून चोर ठरवला करीमचाचाला."

"न्हाई दावला." कुसुमताईंनी मशिनचा खण उघडून पिन काढली आणि तळहातावर धरली. "बाई, आता माझं ऐका. मालक म्हणायचं, कुसुम, म्या पिन काढली हुती. मी म्हणायची, व्हय. पर मनात म्हणायची, ऱ्हायली आसंल, माणूस हाय. मरताना बी त्येनी माझ्या तोंडाकडं बघितलं, आन् त्येंना दिसलं आसंल ते. त्या माणसानं माझ्या नवऱ्याची वर्दी न्हेली ते मी सोडीन. माझा इस्वास चोरला त्यो सोडायची न्हाई. पोलिसात द्या मला, पर ही पिन त्येच्या हातात द्यायची न्हाई."

साबियालाही राग आला होता, आणि तो लपवायची तिला गरज वाटली नाही. तिनं हात पुढे केला.

"उद्यापर्यंत पिन शोधून द्यायचं माझ्याकडे आलंय. ती कुणाच्या हातात द्यायची, याबद्दल कुणी काही बोललेलं नाही. एका दिवसासाठी माझ्यावर ठेवा विश्वास. आणि येताना छोटी कात्री आणा."

५

शनिवारी शेडसमोर मांडव होता. पांढऱ्या टोप्या घातलेली, काठ्या टेकत आलेली, सत्तरी-ऐंशीची खलाशी मंडळी एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होती. सी हॉकनं पंख मिटून वर धरले होते. करीमचाचा पहिल्या रांगेत होता आणि त्याच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. कुजबूज आधीच पोचली होती.

कमांडर माइकपुढे उभे राहिले. "मित्रांनो, आज आनंदाच्या दिवशी मला एक कटू गोष्ट सांगावी लागते आहे. आपल्यातल्याच एकानं..."

"साहेब, पिन सापडली," साबिया मांडवाच्या कडेनं पुढे येत म्हणाली आणि तिनं ती वर धरली.

कमांडरांचा चेहरा उजळला. त्यांना वाटलं, कुसुमताईंनी मुकाट्यानं परत केली. त्यांनी हात पुढे केला.

"देते. पण तीच ना, खात्री करून घेते. सगळ्यांसमोर सांगा. ही तुमच्याच ट्रंकेतली?"

"अर्थातच."

"पत्रिकेतल्या फोटोत आहे ती हीच? शिवायला देण्याच्या आधीची?"

"हीच. आपल्या जहाजावरची. पन्नास वर्षं माझ्याशिवाय कुणाचा हात लागलेला नाही हिला."

"धन्यवाद." साबिया वळली. "मंडळी, लुगड्याची पट्टी कुणाला आठवते का?"

मागच्या रांगेतून एक म्हातारा खदखदून हसला. "ज्योतीरामची! बायकोला बांधून आणली होती पठ्ठ्यानं विमानाला!" हसू रांगेरांगेतून पुढे आलं, दहापाच तोंडांत नाचलं आणि मग आपोआप विझलं, कारण प्रत्येकाला एकाच वेळी तो पुढचा दिवस आठवला. सबंध मांडवात एकट्या कमांडरांनाच ते हसू कळलं नव्हतं. ते कधी खलाशांच्या मेसमध्ये बसलेच नव्हते.

कुसुमताई मागून चालत आल्या. बगलेत गोधडी होती. त्यांनी ती करीमचाचाच्या मांडीवर पसरली, लाल काठाचा एक तुकडा दाखवला आणि पट्टी त्याच्याशेजारी धरली. विटलेली असली तरी काठाची नक्षी तीच होती, टाका तोच होता.

"मी कुसुम ज्योतीराम वाघमोडे," त्या म्हणाल्या. "हात पुढं करा, करीमभाऊ."

कात्रीच्या टोकानं त्यांनी कोपऱ्याचं फूल उसवलं. करीमच्या तळहातावर ज्वारीचे चार दाणे पडले, काळे पडलेले, किडीनं पोखरलेले. करीमला ते दिसले नाहीत, पण बोटांना कळले. तो खेड्यातलाच होता.

"कोणीही घातले असतील दाणे," कमांडर म्हणाले. "या बाईनंच, परवा. कापडही तिनंच..."

"फोटो शिवायला देण्याआधीचा आहे, साहेब," साबिया म्हणाली. "त्यातही हेच फूल आहे. आताच सांगितलंत, तोवर दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता. या पट्टीची पिन पिशवीत नव्हती, म्हणजे खुर्चीत राहिली, म्हणून एका माणसाचं आयुष्य गेलं. ती समुद्राच्या तळाशी असेल, तर तुमच्या ट्रंकेत कशी आली? आणि तुमच्या ट्रंकेत होती, तर ज्योतीरामनं ती काढली होती. यातलं तुम्हाला कुठलं हवं ते निवडा."

कमांडरांनी माइक घट्ट धरला होता.

"नाक खाली होतं, साहेब," करीमचाचा बसल्या जागेवरून म्हणाला. "तुमचा बावटा पडला तेव्हा नाक खाली होतं. मी शेपटाकडे होतो, ते मला दिसलं होतं. पण मला कुणी विचारलंच नाही."

कुसुमताई विमानाच्या नाकापाशी गेल्या, जिथं रिगर उभा राहतो तिथं, आणि त्यांनी पिन डोक्याच्या वर धरली. आधी हसलेला तो म्हातारा काठीवर जोर देऊन उठला आणि त्यानं अंगठा वर केला. "पाहिली," तो म्हणाला. त्याच्या बाजूचा उठला. मग पुढची रांग. करीमचाचा उठला तेव्हा त्याला आधाराला साबियाचा खांदा घ्यावा लागला. "पाहिली, ज्योत्या," तो म्हणाला.

कुसुमताईंचं लक्ष यातल्या कुणाकडेच नव्हतं. त्या व्यासपीठाकडे बघत होत्या. हात वरच होता. सगळे अंगठे वर गेले, सगळे आवाज संपले, तरी त्यांनी तो खाली घेतला नाही. कारखान्याच्या मागून एक कंटेनर गेला, त्याची धूळ खाली बसली, आणि हात वरच होता.

कमांडर सयाजी पाटणकरांनी गर्दीकडे पाहिलं. परवा काचेआड त्यांना मान फिरवता आली होती. इथे ज्या बाजूला फिरवावी तिथं त्यांच्याच जहाजाचा कुणीतरी उभा होता. दुखरा उजवा हात खांद्यापर्यंतच आला. त्यांनी डाव्या हातानं त्याला खालून आधार दिला आणि अंगठा वर केला.

"तोंडानं," कुसुमताई म्हणाल्या.

"पाहिली," कमांडर म्हणाले. माइक चालूच होता, त्यामुळे ते गेटवरच्या खंडूलासुद्धा ऐकू गेलं.

तेव्हा कुठं कुसुमताईंनी हात खाली घेतला. त्या विमानाच्या नाकाखाली मांडी घालून बसल्या, कमरेच्या पिशवीतून सुई काढली आणि करीमचाचापुढे तळहात धरला.

"दाणं द्या इकडं," त्या म्हणाल्या. "आता शिवते तोंड."